दोनशे अकरा मीटर केबल

मुलींच्या वसतिगृहामागची भिंत नाल्याच्या बाजूला चार-पाच हात पडलेली होती. त्या भगदाडातून अस्वल आत येतं, हे मी हजर झाले त्याच दिवशी चौकीदारकाकांनी मला सांगितलं. नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

"बोरं पिकली का येते ते," ते म्हणाले. "अंधार पडला का मागं जायाचं नाई. बस."

मी नांदुऱ्याची. रेल्वेच्या गावात वाढले. भीती म्हणजे काय, तर फाटक बंद असताना रूळ ओलांडणं, एवढंच मला ठाऊक होतं. जंगल पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. ही निवासी शाळा मोताळा तालुक्यात, बुलढाण्याचा घाट जिथे चढायला लागतो तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी. मला संगणक शिकवायला कंत्राटावर घेतलं होतं आणि राहायला वसतिगृहातच एक खोली दिली होती. शेजारची खोली अधीक्षिकाबाईंची. मी त्यांना ताई म्हणायचे, मुली मोठ्या मॅडम. त्या मोताळ्याच्या, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. साठ मुली त्या तेवढ्याच आवाजात सांभाळायच्या.

मागं जायचं नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण संडास आणि न्हाणीघरं मागेच होती. वसतिगृहाच्या मागच्या दारापासून तिथपर्यंत पंचवीसेक पावलांचं उघडं अंगण, मध्ये पाण्याची सिमेंटची टाकी आणि टाकीपलीकडे ती पडकी भिंत. मुलींना पहाटे पाचला आणि संध्याकाळी जेवणाआधी तिकडे जावंच लागे.

दिवाळीनंतर एक दिवस सकाळी शाळेच्या फाटकापाशी एक जीप थांबली. ड्रायव्हर पाणी मागत होता. मी तांब्या घेऊन गेले. मागच्या सीटवर एक बाई आडवी होती आणि तिच्या तोंडावर ओला टॉवेल टाकलेला होता. टॉवेल पांढरा असावा, पण पांढरा राहिला नव्हता. तिच्या उशाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या हातून तांब्या घेतला आणि म्हणाली, "कापूस वेचाले चालली होती. रस्त्यातच होतं ते." जीप बुलढाण्याकडे गेली. मी रिकामा तांब्या घेऊन बराच वेळ फाटकात उभी होते. त्या दिवसापासून टाकीपर्यंतची पंचवीस पावलं मला पंचवीस वाटेनाशी झाली.

त्याच महिन्यात ताईंनी पहाटे मागचं दार उघडलं, तर टाकीच्या नळाखाली काळं काहीतरी वाकलेलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि उजाडेपर्यंत कोणालाच बाहेर सोडलं नाही. सकाळी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. भिंतीचं काम मंजूर व्हायला वेळ लागणार होता. पण शाळेत कॅमेऱ्यांचा एक संच येऊन पडला होता आणि एक कॅमेरा शिल्लक होता.

"तो मागे लावा," ताई म्हणाल्या. "दार उघडायच्या आधी मले फोनवर पाहता आलं पाहिजे."

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं यंत्र कार्यालयात होतं, कारण इंटरनेट तिथे होतं आणि मोठा इन्व्हर्टरही तिथेच. तिथून वसतिगृहाच्या मागच्या खांबापर्यंत केबल न्यायची होती.

"तुम्ही कॉम्प्युटरच्या मॅडम," ते म्हणाले. "तुम्हाला जमेल."

मी हो म्हणाले. खरं म्हणजे वर्गखोलीच्या बाहेर मी एकही केबल कधी टाकली नव्हती.

डिप्लोमाला असताना आमचे सर फळ्यावर एक लांब रेघ मारत आणि तिच्या दोन टोकांना दोन चौकोन काढत. तांब्याच्या केबलमधून सिग्नल शंभर मीटर जातो, ते सांगायचे. त्यापुढे कधी जाईल, कधी जाणार नाही, पण आपण तो जात नाही असंच धरायचं. जास्त लांब न्यायचा असेल तर शंभराच्या आत मध्ये एक रिपीटर बसवायचा. थकून आलेला सिग्नल तो घेतो, पुन्हा नवा करतो आणि पुढे पाठवतो. पण रिपीटरही हवे तितके लावता येत नाहीत. जुन्या पद्धतीच्या नेटवर्कला पाच तुकडे आणि चार रिपीटर ही हद्द. मी हे परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं आणि मला पूर्ण मार्क मिळाले होते.

खेळाच्या सरांकडून तीस मीटरची टेप आणली. दुपारी तीनला, चांगल्या उन्हात, काका आणि मी मोजायला निघालो. जमिनीवरचं अंतर मोजून चालत नाही, एवढं मला आठवत होतं. केबल भिंतीवर चढते, दारावरून वळसा घेते, दोन्ही टोकांना थोडी सैल ठेवावी लागते. कार्यालयातून वर्गांच्या वऱ्हांड्यानं स्वयंपाकघरापर्यंत चढउतार धरून पंच्याऐंशी मीटर. स्वयंपाकघरापासून वसतिगृहाच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर.

शेवटचा तुकडा मागच्या खांबापर्यंतचा. तिथे काकांनी टेपचं टोक धरलं आणि मी वाकून आकडा वाचायला लागले. खांबाच्या पलीकडे, पडक्या भिंतीच्या आतल्या बाजूला, एक वारूळ उकरलेलं दिसलं. अस्वल वाळवीसाठी वारूळ उकरतं, एवढं मी ऐकलं होतं. माती ओली होती.

"कालचं हाये," काका म्हणाले.

मी आकडा वाचला, वहीत लिहिला, पुन्हा पाहिला तर चुकीचा लिहिलेला. दुसऱ्यांदाही चुकला. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीस लिहिलं आणि आम्ही परत फिरलो. येताना मी धावले नाही, पण मला धावायचं होतं.

एकूण दोनशे अकरा मीटर. आलेखाच्या कागदावर मी तीन तुकडे आखले, मध्ये दोन रिपीटर. एकही तुकडा शंभराच्या पुढे जात नव्हता. आखणी पाहून मलाच बरं वाटलं. खामगावच्या दुकानातून दोन छोट्या डब्या मागवल्या. त्या सिग्नलही पुढे ढकलतात आणि स्वतःला लागणारी वीज केबलमधूनच घेतात. डबीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात तेच लिहिलेलं होतं, की वेगळी वीज लागत नाही. एका मागोमाग दोन लावता येतात, असंही होतं. त्याखाली आणखी बारीक मजकूर होता. तो मी वाचला नाही.

दुसरा रिपीटर वसतिगृहाच्या कोपऱ्यात येत होता. तिथे विजेचा बोर्ड हातभरावर होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, "इथून लाइट घ्यायची का?"

"नको सर," मी म्हणाले. "वसतिगृहाची लाइट सारखी जाते. कार्यालय इन्व्हर्टरवर आहे. सगळी वीज तिथूनच केबलमधून गेली, तर इकडे अंधार झाला तरी कॅमेरा चालू राहील."

त्यांनी मान डोलावली. ताईही म्हणाल्या, "हे बरं केलं." मला त्या दोन शब्दांचा किती अभिमान वाटला, ते आज सांगायला लाज वाटते.

केबल टाकायला दोन दिवस लागले. काका शिडीवर, मी खाली. शेवटचा कनेक्टर मी खांबापाशी स्टुलावर उभी राहून बसवला. आठ बारीक तारा, प्रत्येकीचा रंग ठरलेला, सगळ्या ओळीत सरळ धरून कनेक्टरमध्ये सारायच्या आणि पक्कडीनं दाबायच्या. पाठ भिंतीकडे होती. नाल्यात पान वाजलं की बोटं थांबायची आणि ओळ मोडायची. एक कनेक्टर वाया गेला, मग दुसरा.

दुपारी चारला कार्यालयातल्या पडद्यावर मागचं अंगण उभं राहिलं. टाकी, नळ, न्हाणीघरांची दारं, पडकी भिंत. ताईंच्या फोनवरही आलं. त्या खुर्चीत बसून पाहत राहिल्या. "कावळा पण दिसून राह्यला," म्हणाल्या.

संध्याकाळी अंधारून आलं आणि चित्र गेलं. मिनिटभरात परत आलं, पुन्हा गेलं. मी कार्यालयात एकटी होते. पडदा काळा व्हायचा, उजळायचा, काळा व्हायचा. ताईंनी त्या दिवशी मुलींना नेहमीसारखं काठ्या आणि बॅटरी घेऊन, थाळी वाजवत नेलं.

शेवटचा कनेक्टर नीट बसला नसणार, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खांबापाशी जाऊन तो कापला आणि नवा बसवला. कोपऱ्यातलाही बदलला. त्याच दुपारी काकांनी अंगणातला उडालेला बल्ब काढून नवा मोठा बल्ब लावला. मी ते पाहिलं, पण त्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. संध्याकाळी बल्ब लागला, अंगण पिवळं झालं आणि चित्र एकदाही गेलं नाही. तासभर मी पडद्यासमोरून हलले नाही. मग ताईंकडे गेले.

"झालं ताई. आता बिनधास्त पाहा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गावाकडची लाइट गेली. वसतिगृह अंधारात, कार्यालय इन्व्हर्टरवर. याच प्रसंगासाठी मी सगळं आखलं होतं. पडद्यावर अंगण दिसत होतं, करडं, मावळतीचं, रिकामं. मी हजेरीचे आकडे भरत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. भरताना तारीख लिहायची होती म्हणून मान वर केली. पडद्यावर चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ असते. वेळ होती सहा अकरा. खाली संगणकावर सहा एकोणीस झालेले. मी पुन्हा पाहिलं. सहा अकरा. सेकंदाचा आकडा हलत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी पडदा निदान काळा झाला होता; या वेळी आठ मिनिटांपूर्वीचं चित्र पडद्यावर तसंच अडकलं होतं. अंगण आठ मिनिटांपूर्वी रिकामं होतं. आता तिथे काय आहे, ते कोणालाच दिसत नव्हतं, आणि ताईंच्या फोनवर हेच चित्र असणार होतं.

ताईंना फोन लावला. लागेना. मी उठले आणि पळाले. वर्गांचा वऱ्हांडा, स्वयंपाकघर, मोकळं मैदान. हातात टेप घेऊन मोजलेलं ते अंतर पळताना संपत नव्हतं. माझी एक चप्पल मैदानात राहिली. वसतिगृहाच्या मधल्या बोळातून मी मागच्या दाराशी पोचले तेव्हा ताई दारात उभ्या होत्या, हातात फोन, फोनचा उजेड चेहऱ्यावर.

"ताई, चित्र जुनं आहे," मी म्हणाले. दम लागला होता, शब्द नीट निघत नव्हते. "अडकलंय. आत्ताचं नाही."

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग बाहेर. "सहा पोरी गेल्या," त्या म्हणाल्या.

बाहेर अजून पुरता अंधार नव्हता. आकार दिसत होते, रंग नव्हते. न्हाणीघरात मुलींचं बोलणं ऐकू येत होतं, पाण्याचा आवाज येत होता. आणि त्यात आणखी एक आवाज होता. कोणीतरी जोरानं नाक ओढावं, मग फुंकावं, तसा. तो टाकीच्या पलीकडून येत होता.

टाकीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, सहावीतली एक मुलगी बादली घेऊन उभी होती. वर्गात सगळ्यात पुढे बसणारी, सगळ्यात लहान दिसणारी. नळ टाकीच्या दुसऱ्या बाजूला होता. ती तिकडेच वळत होती. आवाज तिलाही आला असावा, कारण ती थांबली होती आणि मान तिरकी करून ऐकत होती.

मी ओरडणार होते. ताईंनी माझ्या दंडाला धरलं, इतकं घट्ट की चार दिवस तिथे निळं राहिलं. आणि रोज जेवायला बोलावतात त्या आवाजात त्या म्हणाल्या, "बादली ठेव तिथंच. मागं पाहू नको. माह्याकडं ये."

मुलगी वळली. ताईंचा चेहरा तिला दिसला असेल नसेल.

"बादली राहू दे म्हटलं ना. ये. हळू ये."

तिनं बादली खाली ठेवली. कडीचा आवाज झाला. टाकीपलीकडचा तो आवाज थांबला. त्या शांततेत ती मुलगी आमच्याकडे चालत आली. मी तिची पावलं मोजत होते, मोजायची नव्हती तरी मोजत होते. नऊ झाली तेव्हा टाकीच्या मागून एक काळा ढीग वर उठला आणि तेवढाच थांबला. त्याचं तोंड मला कळलं नाही, फक्त छातीवरची फिकट खूण दिसली. बाराव्या पावलाला ताईंनी तिला आत ओढलं. पण दार लावलं नाही, फटीएवढं उघडं ठेवलं, आणि त्या फटीतून त्याच आवाजात म्हणाल्या, "न्हाणीघरातल्या पोरींनो, आतून कड्या लावा. मी सांगेपर्यंत उघडायच्या नाहीत."

पाण्याचा आवाज बंद झाला. एक कडी वाजली, मग दुसरी, तिसरी. नंतर काहीच नाही. पाच मुली तिकडे, पत्र्याच्या दारांमागे.

काका कुठून आले मला आठवत नाही. त्यांच्या हातात तेलाचा रिकामा डबा होता. ताईंनी स्वयंपाकघरातून परात आणवली. आम्ही दाराच्या आतून डबा आणि परात वाजवायला लागलो. किती वेळ वाजवत होतो, सांगता येणार नाही. माझे हात सुन्न झाले. मध्येच काका थांबायचे, कान द्यायचे आणि पुन्हा वाजवायचे. शेवटी ते म्हणाले, "गेलं. भिंतीवरून गेलं. दगड पडला."

तरी ताईंनी आणखी बराच वेळ जाऊ दिला. मग काका पुढे, मध्ये ताई, मागे मी, असे आम्ही बॅटऱ्या घेऊन गेलो आणि मुलींना घेऊन आलो. त्यातल्या एकीनं न्हाणीघरात उलटी केली होती. एक हसत होती आणि तिचं हसू थांबत नव्हतं. बादली सकाळपर्यंत तिथेच राहिली.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ताई आणि मी दोघीच होतो. त्या रोज मला मॅडम म्हणायच्या, तुम्ही म्हणायच्या. त्या वेळी म्हणाल्या, "तू म्हणली होती मले, बिनधास्त पाह्य."

"हो," मी म्हणाले.

त्या ओट्याकडे वळल्या. ओट्यावरचं पाणी फडक्यानं पुसत राहिल्या. मला वाटलं त्या रागावतील, म्हणजे मला निदान रडता येईल.

सकाळी पहिल्या एसटीनं नांदुऱ्याला निघून जावं, असं मी पक्कं ठरवलं होतं. पिशवी भरली होती. माझ्या चुकीनं एखाद्या मुलीचं तोंड त्या टॉवेलखाली गेलं असतं, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी फाटकापर्यंत गेलेही. मग मनात आलं, आपण गेलो तरी तो कॅमेरा तिथेच राहील, आणि उद्या तो पुन्हा नीट चालेल आणि कोणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवील. मी पिशवी काकांच्या खोलीत ठेवली आणि डबीचं खोकं शोधून काढलं.

बारीक मजकूर असा होता, की प्रत्येक डबी केबलमधली थोडी वीज स्वतः वापरते आणि लांबीनंही वीज कमी होत जाते. दोन डब्यांनंतर टोकाला जी उरते तेवढ्यावर चालेल, असाच कॅमेरा लावावा. मी अंतर मोजलं होतं. सिग्नल मोजला होता. वीज मोजली नव्हती. पण मग दिवसभर तो कसा चालतो, हे मला कळेना. मी कॅमेऱ्याचा कागद काढला. अंधार पडला की कॅमेरा आपले छोटे दिवे लावतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारे, पण त्याला अंधारात पाहता यावं म्हणून असलेले. तेव्हा त्याला जवळजवळ दुप्पट वीज लागते.

दुपारी बाराला मी काकांना घेऊन खांबापाशी गेले.

"काका, तुमचा दुपट्टा कॅमेऱ्यावर टाकाल का? पूर्ण झाका."

"काऊन?"

"त्याला रात्र वाटली पाहिजे."

त्यांनी शिडीवर चढून दुपट्टा दुहेरी करून गुंडाळला. मी फोनवर पाहत होते. चित्र काळं-पांढरं झालं, दोन क्षण थरथरलं आणि थांबलं. कोपऱ्यातली वेळही थांबली. दुपट्टा काढला, मिनिटभरात चित्र परत आलं. पुन्हा टाकला, पुन्हा थांबलं. परवा संध्याकाळी बल्ब लागला होता म्हणून कॅमेऱ्याला अंधार वाटलाच नव्हता. माझ्या नव्या कनेक्टरनं काहीच दुरुस्त झालं नव्हतं. आणि काल लाइट गेली तेव्हा, ज्या घडीसाठी तो लावला होता नेमक्या त्याच घडीला, तो आंधळा झाला.

काका शिडीवरून उतरले, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "म्हंजे दिवसा पाह्यते आन् अंधारात डोळे मिटते," ते म्हणाले. त्यांना हसू आलं नाही, मलाही नाही.

मी सगळं कागदावर लिहून मुख्याध्यापकांना दिलं. आखणी माझी, चूक माझी, मजकूर वाचला नाही, तपासणी अंधारात केली नाही. त्यांनी वाचलं.

"कोणाला काही झालं नाही ना?"

"नाही सर."

"मग हे लेखी कशाला देता?"

मी कागद टेबलावर ठेवून बाहेर आले.

दुरुस्ती सोपी होती आणि म्हणूनच जास्त बोचली. कोपऱ्यातली दुसरी डबी काढली आणि तिथे नेटवर्कचा एक छोटा स्विच बसवला. तोही सिग्नल नवा करून पुढे पाठवतो, पण त्याला स्वतःची वीज असते आणि तो कॅमेऱ्याला पुरेशी वीज देतो. अंतर फक्त अठ्ठेचाळीस मीटर. प्रश्न होता लाइट गेल्यावरचा. ताईंच्या खोलीत एक छोटा इन्व्हर्टर होता, त्यावर त्यांचा पंखा आणि एक दिवा चालायचा. त्यांनी स्वतः बोर्डाचं झाकण उघडून दाखवलं.

"पंख्याची लाइन घ्या," त्या म्हणाल्या. पुन्हा तुम्ही म्हणायला लागल्या होत्या. मला ते तू म्हणण्यापेक्षा जड गेलं.

त्या संध्याकाळी मेन स्विच आम्हीच पाडला आणि मुद्दाम अंधार केला. मी, ताई आणि काका तिघं एका फोनवर वाकून बसलो. अंगण काळं-पांढरं झालं. सेकंद पुढे सरकत राहिले. मी अर्धा तास त्या आकड्यावरून नजर काढली नाही. ताईंनी मागच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं, की आधी वेळ पाहावी, मग अंगण. आणि तरीही मुली काठ्या, बॅटऱ्या आणि थाळी घेऊनच जात. कॅमेऱ्याच्या भरवशावर कोणाला एकटं सोडायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं, आणि मला ते पटलं.

पौषात एकदा पहाटे त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. फोन पुढे केला. टाकीपाशी अस्वल होतं आणि त्याच्या पाठीवर पिल्लू बसलेलं. आई नळाला तोंड लावत होती आणि पिल्लू तिच्या केसांना धरून इकडेतिकडे पाहत होतं. आम्ही दोघी पलंगाच्या काठावर बसून ते पाहत होतो. आत मुली उठायला लागल्या होत्या, बादल्यांचे आवाज येत होते. ताईंनी बाहेर जाऊन दारापाशी खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसून राहिल्या. तासाभरानं भिंतीवर ऊन आलं तेव्हाच त्या उठल्या.

उन्हाळ्यात भिंत बांधली गेली. मग अस्वल आत आलं नाही, निदान मी होते तोवर नाही. मी पुढे दोन वर्षं तिथे राहिले. अंधारून आलं की अजूनही मी कुठल्याही कॅमेऱ्याच्या चित्रात आधी वेळेचा आकडा शोधते. दुकानात, बँकेत, दवाखान्यात. तो हलताना दिसेपर्यंत मी पुढे सरकत नाही.

ती सहावीतली मुलगी त्या प्रसंगानंतर महिनाभर फारशी बोलत नव्हती. एक दिवस टायपिंगच्या तासाला ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, त्या दिवशी मोठ्या मॅडमच्या फोनमध्ये मी दिसत होती का?"

तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यात कोणीच दिसत नव्हतं."

तिनं थोडा विचार केला. मग जागेवर जाऊन बसली आणि बोटं कळांवर ठेवून पुढची ओळ टाइप करू लागली.